शिक्षा, दंड आणि मत

मराठीत ‘दंड’ म्हटले की पैशांची शिक्षा आठवते. संस्कृतात मात्र तो शब्द शिक्षामात्राचा वाचक आहे. या दोन अर्थांतील अंतर केवळ कोशकारांच्या आस्थेचा विषय नाही, हे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या उदाहरणावरून ध्यानात यावे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये तेथील सुमारे ६५ टक्के मतदारांनी राज्याच्या घटनेतील एका दुरुस्तीला कौल दिला. खून व गंभीर लैंगिक अपराध वगळता, गंभीर गुन्ह्याची शिक्षा पुरी केलेल्यांना मताधिकार परत मिळावा, हा तिचा आशय. सुमारे १४ लाख माणसांना तिचा लाभ होईल, असा तेव्हाचा अंदाज होता. पण दुरुस्तीत शब्द होते ते ‘शिक्षेच्या सर्व अटी’ पूर्ण झाल्यावर, असे. २०१९ मध्ये विधिमंडळाने त्या ‘सर्व’मध्ये दंड, नुकसानभरपाई आणि न्यायालयीन शुल्क यांचा समावेश केला, जानेवारी २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ ग्राह्य धरला.

शब्दापुरते पाहिले तर या अर्थाला चूक म्हणता येत नाही. नुकसानभरपाई तर पीडिताची. ती मागणे न्याय्यच. परंतु न्यायालयीन शुल्काचे काय? फ्लोरिडात न्यायालयांच्या लिपिक-कार्यालयांचा खर्च मुख्यत्वे अशा शुल्कांतूनच भागतो. ज्यातून कचेरी चालते त्याला शिक्षा म्हणण्यापेक्षा कर म्हणणे अधिक प्रामाणिक. आणि राष्ट्रीय निवडणुकांत मतासाठी कर मागण्यास अमेरिकेच्या राज्यघटनेची २४ वी दुरुस्ती १९६४ पासून मनाई करते. त्यात कोणाकडे किती येणे आहे याची एकत्रित नोंद राज्याकडेच नव्हती. ऋणकोने फेडायचे, आणि आकडाही त्यानेच शोधायचा! मे २०२० मध्ये संघीय न्यायाधीश रॉबर्ट हिंकल यांनी, ऐपत नसलेल्यांपुरती तरी, ही व्यवस्था घटनाबाह्य ठरविली. सप्टेंबरात अपील न्यायालयाने ६ विरुद्ध ४ मतांनी तो निर्णय फिरविला. बहुमताने शुल्काला शिक्षेचाच भाग मानले. ज्याला देणे शक्य नाही आणि जो देत नाही, या दोघांतील भेद मात्र तेथे पुसला गेला.

भारतात १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा तुरुंगातील माणसाचे, अगदी कच्च्या कैद्याचेही, मत रोखतो. तो कठोरपणा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. पण सुटून आलेल्याला मतदान केंद्रावर थकलेल्या दंडाची पावती कोणी विचारत नाही.