निवडलेल्या बियाण्याशी तुलना कशाला?

आई-बापांनो, एक विनंती आहे. अमेरिकेतल्या भारतीयांचं नाव घेऊन घरातल्या पोरांना बोल लावणं बंद करा.

परवा आसगावात चहाच्या टपरीवर एक गृहस्थ मोबाईलवर आलेला मजकूर मोठ्यानं वाचत होते. अमेरिकेत सगळ्यात जास्त कमावणारे आपलेच लोक, असा त्याचा सूर. वाचून झालं आणि शेजारी बसलेल्या बारावीतल्या मुलाकडे वळून म्हणाले, "रक्त एकच ना बे? मंग तू कसा असा निंगाला?" पोरगा अर्धा चहा तसाच ठेवून उठला.

मजकुरातला आकडा खोटा नव्हता. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या हिशेबानं 2019 मध्ये तिथल्या भारतीय घरांचं मधलं उत्पन्न वर्षाला 1 लाख 19 हजार डॉलर होतं. पंचविशीच्या पुढच्या चार भारतीयांमागे तिघे पदवीधर होते. एकूण अमेरिकेत हेच प्रमाण तिघांमागे एक. आता आपल्या देशाकडे पाहा, दहा मोठी माणसं उभी केली तर पदवीधर एखादाच निघतो. रक्ताचाच गुण असता तर तो इथं का दिसत नाही?

उत्तर चौरास भागातल्या कोणत्याही धानवाल्याला ठाऊक आहे. पऱ्हे टाकण्याआधी आपण 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवतो आणि बी त्यात ओततो. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून फेकतो. तळाशी बसलेलं भरीव बी दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुतो, सावलीत सुकवतो आणि तेच पेरतो. पुढे बांधीत रोवणी झाली, धान तरारलं, की रस्त्यानं जाणारा म्हणतो, काय जातिवंत वाण आहे! मिठाची बादली त्यानं पाहिलेलीच नसते.

अमेरिकेची बादली 1965 च्या कायद्यानं भरली. त्याआधी कोणत्या देशातून किती माणसं घ्यायची याचा कोटा असे आणि भारताच्या वाट्याला नावापुरत्या जागा येत. नव्या कायद्यानं तो कोटा गेला आणि दार उघडलं ते मुख्यतः डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक यांना आणि त्यांच्या मागून नातेवाइकांना. 1990 नंतर एच-वन-बी व्हिसा आला, त्यालाही बहुतेक करून पदवी लागतेच. त्यातही विमानात बसण्याआधी दोन चाळण्या इथंच लागून गेलेल्या असतात. आधी, कोणत्या घरातल्या मुलाला कॉलेजपर्यंत पोचता आलं. मग, प्रवेश परीक्षेत कोण टिकलं. संजय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंग या तिघांनी अमेरिकेतल्या भारतीयांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात याच तिहेरी निवडीची उकल आहे. पहिल्या चाळणीत आपल्याकडची जात आणि जमीन होती, हे आपण तरी विसरू नये.

हे फक्त भारतीयांचं नाही. नायजेरियातून अमेरिकेत गेलेल्यांतही निम्म्याहून जास्त पदवीधर आहेत. नायजेरियात तसं चित्र नाही.

आणि चाळणी बदलली की तीच माणसं वेगळी दिसतात. 1834 नंतर ऊसमळ्यांसाठी कोकणातून मराठी माणसं मॉरिशसला गेली. निवडणाऱ्याला त्यांची पाटी-पेन्सिल नको होती, हात-पाय हवे होते. त्यांच्या पोरांना शाळा-नोकऱ्यांपर्यंत पोचायला दोन-तीन पिढ्या लागल्या. रक्त मराठीच होतं.

म्हणून मेहनत करू नका असं मी म्हणत नाही. पोचट नसलेलं बीसुद्धा कोरड्या बांधीत रोवलं तर जळतं. मला चिखलणीविषयी बोलायचं आहे, कारण निवड आपल्या हातात नाही, चिखलणी आहे.

सिंधी समाजाकडे पाहा. 1947 ला ती माणसं कोणी निवडून आणली नव्हती. घरदार टाकून आली, कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकीत राहिली. त्याच छावणीला 1949 मध्ये उल्हासनगर नाव मिळालं. त्यांच्यात व्यापार जाणणारी, लिहिता-वाचता येणारी घरं पुष्कळ होती, ती शिदोरी मोठी. पण त्याच 1949 साली त्यांनी वांद्र्याला नॅशनल कॉलेज उभं केलं, डोक्यावर धड छप्पर नसताना! ज्याच्या हाती थोडं आलं त्यानं मागच्याला उधारीवर माल दिला, दुकानात बसवलं. नागपूरला जरीपटक्यात जाणारा आपल्यातला प्रत्येक जण हे पाहून आला आहे. पाहून आलो आणि म्हणालो, त्यांच्या तर रक्तातच धंदा आहे. तसं म्हटलं की आपल्याला काही करावं लागत नाही.

दुसरं उदाहरण घरचंच. 1913 मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांनी महिन्याला दिलेल्या साडेअकरा पौंडांवर. ज्यांनी 1954 ची पोटनिवडणूक आपल्या भंडाऱ्यातून लढवली, त्या माणसाची बुद्धी कुणी नाकारणार नाही. पण ते साडेअकरा पौंड नसते तर? शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून वसतिगृहं उघडली ती याच हिशेबानं. खेड्यातल्या पोराला शहरात आधी पाठ टेकायला जागा हवी.

आपल्याकडून नागपूर-पुण्याला गेलेल्या पोरांचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. माझा पुतण्या डिप्लोमाला नागपुरात गेला. पहिला सव्वा महिना खोली मिळाली नाही, एका ओळखीच्याच्या दुकानामागे पोत्यांवर झोपला. अभ्यास कधी करणार? दिवाळीत घरी आला तो परत गेला नाही. त्याच वर्षी गावातली चार पोरं नागपुरात नोकरी करत होती. तो तिथं आहे हे चौघांनाही माहीत नव्हतं, कारण आम्ही कुणी सांगितलंच नाही. पोरगं नापास झालं तर चर्चा होईल, म्हणून गप्प! ही चूक माझीसुद्धा.

तेव्हा ज्यांची पोरं बाहेर स्थिरावली आहेत त्यांनी एवढं करा. खोलीत एक गादी जास्तीची ठेवायला सांगा, पहिल्या दोन महिन्यांसाठी. कुठल्या कॉलेजात काय चालतं, कोणती शिकवणी नुसती लूट आहे, हे त्या पोरानं सुटीत गावी आल्यावर शाळेत येऊन तासभर सांगावं. इंग्रजीत भाषण नको.

आणि बाकीच्यांनी कागद वेळेवर काढा. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला नागपुरात राहण्या-जेवणासाठी 'स्वाधार' योजनेतून वर्षाला 60 हजार रुपयांपर्यंत मिळू शकतात. आदिवासी मुलांसाठी 'स्वयम्' आहे, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुलेंच्या नावाची 'आधार' योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं अनुसूचित जातीच्या 75 विद्यार्थ्यांना राज्य सरकार दरवर्षी शिष्यवृत्ती देतं. अटी त्या-त्या वर्षीच्या पाहून घ्या. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मात्र निकालाच्या आधीच हातात असू द्या. निकाल लागतो तेव्हा रोवणीची धांदल जवळ आलेली असते आणि तहसीलला जायला घरात माणूस सापडत नाही.

टपरीवरच्या त्या मुलाला पवनीच्या वाटेवर गाठून विचारलं, पुढे काय करायचं आहे? म्हणाला, फार्मसी. गावातलं कोणी शिकलं आहे का फार्मसी, असं त्यानं मलाच विचारलं. दोघं शिकले आहेत. एकाचा नंबर होता माझ्याकडे, तो दिला.