‘लोकल आयडी’चा तोंडी हुकूम

लग्नसराई तोंडावर आली आणि हॉटेलांतल्या पाहुण्यांच्या तक्रारींचा ओघ वाढला. यातल्या बऱ्याचशा तक्रारी आपल्या सभासद हॉटेलमालकांनीच आमच्याकडे पाठवल्या आहेत, ‘याला उत्तर काय द्यायचे’ असे विचारत. गरम पाणी सकाळी सहा ते आठच, एसीचा रिमोट काउंटरवर येऊन मागायचा, फोटोतली खोली एक आणि हातात पडली ती दुसरी, उशीच्या अभ्र्यावर तेलाचे डाग. या तक्रारींना उत्तर देत बसू नका, दुरुस्ती करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला पाच टक्के जीएसटी झाला आणि आपले इनपुट क्रेडिट गेले, त्यामुळे गादीपासून रंगकामापर्यंत सगळा कर आता मालकाच्या अंगावर पडतो, ही आपली तक्रार रास्त आहे. ती दिल्लीत मांडायची आहे. तिचा राग पाहुण्याच्या अंघोळीच्या पाण्यावर काढायचा नाही.

मात्र एका तक्रारीवर सविस्तर लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या एक बाई वृद्ध वडिलांना घेऊन चुलत भावाच्या लग्नासाठी पुण्याला आल्या. मूळ घर कोथरूडचे, ते विकून काही वर्षे झाली, पण दोघांच्याही आधारवर पत्ता तोच राहिला. खोली ऑनलाइन घेतलेली, पैसे पूर्ण भरलेले. रात्री साडेदहाला काउंटरवर पोचल्या. समोरच्या मुलाने आधार हातात घेतले, पुढच्या बाजूचा फोटो पाहिलाच नाही. कार्ड उलटे केले, पत्त्याखालच्या पिनकोडवर बोट ठेवले आणि ४११ दिसताच कार्ड परत सरकवले. “लोकल आयडी चालत नाही मॅडम. पोलिसांचा नियम आहे.” नियम दाखवा म्हटल्यावर त्याने मागच्या भिंतीकडे हात केला. तिथे लॅमिनेट केलेला ए-फोर कागद होता: ‘लोकल आयडीवर रूम मिळणार नाही. आदेशावरून.’ कोणाचा आदेश, जावक क्रमांक काय, तारीख कोणती, सही कोणाची, यातले काही नाही. मॅनेजर फोनवर आला, त्यानेही तेच सांगितले. वडील तेवढा वेळ सोफ्यावर बॅग मांडीवर घेऊन बसून होते. शेवटी रिक्षा करून दोघे लांबच्या नातेवाइकाकडे गेले. दुसऱ्या दिवशी ॲपवर पाहतात तो बुकिंगपुढे ‘नो-शो’. म्हणजे पाहुणा आलाच नाही, अशी नोंद. पैसे बुडाले.

ही नोंद वाचून आम्हाला संताप आला. आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचे आणि वर तो आलाच नाही असे लिहायचे, याला धंद्यातली चलाखी म्हणता येणार नाही. ही फसवणूक आहे. पैसे घेऊन सेवा नाकारणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरते. ग्राहक आयोगापुढे तो लॅमिनेट केलेला कागद मालकाला वाचवणार नाही.

मुळात पिनकोडवरून माणूस ओळखायचा हा प्रकार कोणत्या सुरक्षेसाठी चालला आहे? नांदेडचा मुलगा दहा वर्षांपासून हिंजवडीत राहतो, आधार अजून नांदेडचेच आहे, तर तो बाहेरगावचा. त्याला खोली मिळते. पुण्यातून कायमची उठून गेलेली बाई जुन्या पत्त्यामुळे लोकल. तिला मिळत नाही. दुबईत राहणारा आपला माणूस डोंबिवलीच्या पत्त्याचे आधार घेऊन मुंबईत उतरला की तोही अडतो. त्यानेच परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर निदान परदेशी पाहुण्याच्या नोंदीची लेखी वाट आहे: चोवीस तासांत माहिती भरायची, खोली द्यायची. परक्या देशाच्या नागरिकासाठी ठरलेली पद्धत आहे आणि आपल्याच शहराच्या रहिवाशासाठी नुसता नकार, हे कोणत्या तर्कात बसते ते संबंधित अधिकाऱ्यांनी एकदा आम्हाला समजावून सांगावे.

शहरातल्या माणसाला शहरातच खोली लागण्याची कारणे तुम्हाला रोज दिसतात. घरात रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल चालू आहे. सोसायटीची लिफ्ट बंद आहे आणि आईचे गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे. पहाटेची गाडी पकडायची आहे आणि घर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. पेशंट रुग्णालयात आहे आणि नातेवाइकाला जवळपास चार तास पाठ टेकायची आहे. घरात भांडण झाले म्हणून एखादी बाई रात्री बाहेर पडली आहे. तिला तर सुरक्षित खोलीची गरज सर्वांत जास्त, आणि तिच्याच आधारवर पत्ता त्या घराचा असतो. या सगळ्यांना आपण एकाच संशयाखाली दारातून परत पाठवतो.

संशय कसला ते इथे स्पष्टच लिहू. जोडप्यांचा. लोकल आयडी नको, या वाक्याचा खरा अर्थ तेवढाच आहे. दोन सज्ञान माणसांनी, लग्न झालेले असो वा नसो, हॉटेलात खोली घेणे हा या देशात गुन्हा नाही. कोइमतूरमध्ये एका ठिकाणी अविवाहित जोडपे सापडले म्हणून जागाच सील करण्यात आली होती. तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये, अविवाहितांनी खोली घेण्यास मनाई करणारा कायदा दाखवा, असे विचारून सील काढायला लावले. अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा वेगळा आहे आणि तो कडक असायलाच हवा. हॉटेलात वेश्याव्यवसाय चालू दिल्याचा दोष सिद्ध झाला, तर तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत परवाना निलंबित होतो. त्या कायद्याचा धाक बाळगा, खोल्या तासावर देऊ नका. पण त्यात पत्त्याच्या पिनकोडबद्दल काहीही नाही.

मालकांची भीती खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ आणि आक्सा परिसरातल्या हॉटेलांवर छापे पडले, बंद खोल्यांतून जोडप्यांना बाहेर काढून ठाण्यात नेले गेले आणि ‘सार्वजनिक ठिकाणी’ असभ्य वर्तन केल्याच्या कलमाखाली दंड झाला. बंद दाराआडची खोली सार्वजनिक ठिकाण कशी झाली, हा प्रश्न तेव्हाच गाजला आणि पोलिस आयुक्तांना चौकशीचे आदेश द्यावे लागले. लक्षात मात्र छापाच राहिला. तेव्हापासून हद्दीतला हवालदार रजिस्टर बघायला आला आणि जाता जाता “लोकल घेऊ नका हं” म्हणाला, की मालकाला तो राजपत्रातला हुकूम वाटतो. वर्षभराने हवालदाराची बदली होते, साहेब बदलतात, भिंतीवरचा कागद मात्र तसाच राहतो.

पोलिस खात्याला आमचे स्पष्ट सांगणे आहे. तुम्हाला एखादी गोष्ट हवी असेल तर ती लिहून द्या. पाहुण्यांची ओळखपत्रे तपासा, नोंद ठेवा, सीसीटीव्ही चालू ठेवा, अशा अर्थाचे आदेश आयुक्तालये वेळोवेळी काढतात आणि आपला धंदा ते पाळतो, पाळलेच पाहिजेत. मनाई आदेशाला कलम असते, मुदत असते. पूर्वीचे १४४, आता नागरिक सुरक्षा संहितेचे १६३. दोन महिन्यांपलीकडे तो चालवायचा तर राज्य शासनाला त्यात यावे लागते. तोंडी हुकमाला कलम नाही, मुदत नाही, त्याविरुद्ध दादही मागता येत नाही. उद्या काही घडले तर “आम्ही असे कधी म्हणालोच नाही” म्हणायला खाते मोकळे, आणि आयोगापुढे उभा राहतो तो मालक.

आता थोडे सभासदांविषयी, आणि हे कडू लागेल. काही ठिकाणी लोकल आयडी हे निव्वळ निमित्त असते. मुहूर्ताच्या दिवशी ओटीएवरून, म्हणजे ऑनलाइन बुकिंग कंपनीवरून, महिनाभर आधी स्वस्तात गेलेली खोली रात्री वॉक-इनला दुप्पट दराने जाते. मग बुकिंगवाल्याच्या आधारात खोट निघते आणि रोख देणाऱ्याचे आधार कोणी उलटूनही बघत नाही. ओटीएंशी आपले भांडण जुने आहे आणि खरे आहे. आपल्याच हॉटेल महासंघाच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटींहून अधिक आणि ओयोला १६८ कोटींहून अधिक दंड ठोठावला. ते भांडण तिथे लढायचे. कमिशनचा सूड पाहुण्यावर उगवणारा मालक साऱ्या व्यवसायाची पत घालवतो, आणि त्याची बाजू हे मासिक घेणार नाही.

बाकीचे बहुसंख्य मालक केवळ आळसामुळे अडकले आहेत. ओटीएच्या एक्स्ट्रानेटवर, म्हणजे मालकासाठीच्या पानावर, प्रॉपर्टी रूल्समध्ये लोकल आयडी स्वीकारता की नाही याचा रकाना असतो. कितीजणांनी तो उघडून पाहिला आहे? ज्या मुलाने ओटीएचे खाते उघडून दिले त्याने जे भरले तेच आजवर चालू आहे. तिथे ‘हो’ आणि भिंतीवर ‘नाही’, अशी स्थिती असेल तर चूक शंभर टक्के आपली.

तेव्हा हा अंक हातात पडेल त्या दिवशी काउंटरमागचा तो कागद काढा. एक्स्ट्रानेटवरचा रकाना स्वतः उघडा आणि दुरुस्त करा. ओळख पटवायला फोटो, नाव आणि वय बघा. आधारच हवे असा हट्ट नको, पासपोर्ट, लायसन्स, मतदार ओळखपत्र चालते. काउंटरखाली आधारच्या झेरॉक्सचे जे गठ्ठे पडले आहेत, त्यांचीही विल्हेवाट लावण्याची वेळ आली आहे: डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. आणि काही कारणाने पाहुण्याला खोली देता आलीच नाही, तर त्याला उभे ठेवू नका. त्याच्यासमोर बुकिंग आपल्याकडून रद्द करा, परताव्याचा संदेश त्याच्या फोनवर आल्याची खात्री करा, शेजारच्या हॉटेलला फोन करून त्याची सोय लावा. ‘नो-शो’ लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला जाब विचारा. तो तुमच्या सांगण्यावरून लिहीत असेल तर स्वतःला विचारा.

शेवटची विनंती प्रत्येक शहर संघटनेच्या सचिवांना. माहिती अधिकारात आपापल्या पोलिस आयुक्तालयाकडे किंवा अधीक्षक कार्यालयाकडे अर्ज करा. शुल्क दहा रुपये. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे मजकूर दीडशे शब्दांत, विषय एकच: शहरातील पत्ता असलेल्या व्यक्तीस हॉटेलने खोली देऊ नये असा लेखी आदेश अथवा परिपत्रक आहे काय, असल्यास क्रमांक, दिनांक, कलम, मुदत आणि प्रत द्यावी. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. न आल्यास प्रथम अपील करा, ते टाळू नका. आलेल्या उत्तराची प्रत आमच्या कार्यालयाकडे पाठवा. सगळी उत्तरे शहरवार छापू, आणि ज्या शहराच्या संघटनेने अर्जच केला नाही तिचे नावही त्याच पानावर छापू.