भंगारवाल्याला थांबवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स थांबवली. त्या रात्री एकही लॅपटॉप बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी स्क्रीन उजळली, वायफाय लागलं, मुलांचे प्रोजेक्ट प्रिंट झाले. तरीही दुकानोदुकानी एकच वाक्य ऐकू येतं : "याच्यावर अकरा चालत नाही, एक्स्चेंजमध्ये काढून टाका." आणि धडधाकट लॅपटॉप मातीमोल किमतीत घराबाहेर पडतो.

माझी कळकळीची विनंती आहे, तो बाहेर जाऊ देऊ नका. कंपनीच्या यादीतून नाव गेलं म्हणून यंत्र मरत नाही. त्याला आणखी चार-पाच वर्षं कामाला लावणं आपल्या हातात आहे. त्यासाठी इंजिनीअर असावं लागत नाही. एक पेनड्राइव्ह, एक मोकळी दुपार आणि थोडा धीर पुरतो.

आधी हे "चालत नाही" प्रकरण तपासू. विंडोज ११ आली ५ ऑक्टोबर २०२१ ला. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या तिच्या अटी जुने लॅपटॉपही सहज पाळतात. ते अडतात दोन ठिकाणी : टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि प्रोसेसरची यादी. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ पासून सुरू होते. त्याआधीचा आय-सेव्हन कितीही दणकट असला तरी बाद. गंमत अशी, की सातव्या पिढीतला ७८२०एचक्यू हा प्रोसेसर मात्र निवडक यंत्रांपुरता यादीत घेतला गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये तोच प्रोसेसर होता. सुरक्षेचं कारण खोटं आहे असं मी म्हणत नाही. टीपीएममुळे डिस्कवरच्या माहितीचं कुलूप खरंच मजबूत होतं. पण यंत्राची ताकद संपली म्हणून ही रेषा तिथे पडलेली नाही. ती एका कंपनीने आखली आहे आणि सोयीप्रमाणे थोडी सरकवलीही आहे.

या रेषेपलीकडे किती यंत्रं पडली? कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच जगभरातल्या सुमारे २४ कोटी संगणकांवर ही वेळ येऊ शकते असा अंदाज मांडला होता. ई-कचऱ्यावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या फक्त २२.३ टक्क्यांची रीतसर जमवणूक व पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. बाकीच्याचं काय होतं ते पाहायचं तर दिल्लीच्या सीलमपूरला जावं. तांब्यासाठी वायरी जाळणारे आणि सर्किट-बोर्ड उघड्या हाताने सोलणारे लोक तिथे दिसतात. शिवाय लॅपटॉप आयुष्यभरात जेवढं कार्बन-प्रदूषण करतो, त्याचा मोठा वाटा तो कारखान्यात बनतानाच झालेला असतो. विजेची थोडी बचत दाखवून नवा लॅपटॉप गळ्यात मारणाऱ्यांना हे आवर्जून सांगा. सगळ्यात कमी कचरा करणारा लॅपटॉप तुमच्या टेबलावर आहे तोच.

आता वाचवायचा कसा? वाटा तीन आहेत. कोणाला कुठली, हे कामावर ठरतं.

पहिली वाट मुदत वाढवण्याची. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केली आहेत. लॅपटॉपची सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून बॅकअप चालू केला तर ती पैसे न भरताही मिळतात. हा उपाय तात्पुरता आहे, पण विचार करायला सवड देतो. नोंदणी न करता तसंच विंडोज १० वापरत राहून त्यावर बँकेचे व्यवहार करणं मात्र कृपा करून टाळा.

दुसरी वाट : यादीत नसलेल्या लॅपटॉपवरच विंडोज ११ टाकायची. हे होतं. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून अकराची मूळ फाइल उतरवायची आणि रूफस या मोफत साधनाने तिचा पेनड्राइव्ह बनवायचा. तो बनवताना टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढून टाकण्याचा पर्याय समोर येतो, त्यावर खूण करायची. विंडोज १० चा खरा परवाना असेल तर त्याच यंत्रावर बहुधा नवी की लागत नाही. पण डोळे उघडे ठेवून जा. अशा यंत्रांना अपडेट्स मिळण्याची हमी नाही, असं कंपनी स्पष्ट सांगते. व्यवहारात महिन्याची अपडेट्स येत राहतात, मात्र वर्षाची मोठी आवृत्ती बहुतेक वेळा आपणच पुन्हा पेनड्राइव्हने टाकावी लागते. आणि २४एच२ या आवृत्तीपासून एक खरी तांत्रिक भिंत आहे : एसएसई ४.२ या सूचना ज्या प्रोसेसरला कळत नाहीत तो सुरूच होत नाही. म्हणजे कोअर टू ड्युओच्या काळातल्या लॅपटॉपला ही वाट बंद. आणखी एक, कोणी "हलकी केलेली विंडोज" म्हणून तयार फाइल दिली तर घेऊ नका. तिच्यात काय काढलंय आणि काय घातलंय हे आपल्याला कधीच कळत नाही.

तिसरी वाट विंडोजऐवजी लिनक्स या मोफत सिस्टिमची, आणि माझा कौल हिलाच. ज्यांचं काम ब्राउझर, ईमेल, लिखाण, व्हिडिओ आणि ऑनलाइन वर्ग एवढ्यात भागतं, त्यांच्यासाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट्स आहेत, एक रुपयाही न भरता. तिचा मोठा गुण असा की डिस्कला हात न लावता, थेट पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, हे आधी बघा आणि मगच टाका. इन्स्क्रिप्टने मराठी टाइप करण्याची सोय तिच्यात आहे आणि युनिकोडमधलं मराठी नीट दिसतं. केरळच्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं मुलं लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. तिथल्या मुलांना जमतं ते आपल्या मुलांना का जमू नये?

मॅकवाल्यांनीही निराश व्हायचं कारण नाही. २०१२ च्या मॅकबुक प्रोला ॲपलने मॅकओएसच्या कॅटालिना या आवृत्तीनंतर सोडून दिलं. पण ओपनकोअर लेगसी पॅचर या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने अशा यंत्रांवर बिग सरपासून सिकोयापर्यंतच्या आवृत्त्या चालवून दाखवल्या आहेत. त्यासाठी मॅकची काही सुरक्षा-कवचं सैल करावी लागतात, हे समजून मगच हात घाला. टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती असेल, असं ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. म्हणजे उद्या इंटेलचे सगळेच मॅक या रांगेत येणार. तेव्हा ही विद्या आत्ताच शिकून ठेवलेली बरी.

"पण आमचा लॅपटॉप हँगच होतो," असं तुम्ही म्हणाल. मग आधी तो उघडून घ्या. हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी बसवा, जागा असेल तर रॅम ८ जीबी करा, पंख्यात साचलेली धूळ काढा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे हे काम तासाभरात होतं. ज्या यंत्राला सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागत होती, ते एसएसडीवर काही सेकंदांत उभं राहतं. मंदपणाचा दोष बहुतेक वेळा त्या फिरत्या डिस्कचा असतो आणि आळ येतो सगळ्या यंत्रावर.

सरसकट सगळ्यांना लिनक्स टाका असं सांगणं बेजबाबदारपणाचं ठरेल. दुकानाचा हिशेब टॅलीत असेल, छपाईचं काम श्रीलिपीत असेल, निविदा भरायला डिजिटल सहीचा डोंगल लागत असेल, किंवा कचेरीत एखादा हट्टी जुना लेझर प्रिंटर असेल, तर विंडोज सोडू नका. पहिली किंवा दुसरी वाट धरा. आणि कुठल्याही वाटेने जा, आधी बॅकअप घ्या. फोटो, दाखले, हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि ती उघडून खात्री करा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, केलेला छोटा बदलही तुमच्याच माहितीला तुम्हाला मुकवू शकतो. फॉरमॅट मारल्यावर रडून उपयोग नसतो.

हे काम एकट्याने करण्यापेक्षा मिळून सोपं जातं. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली पहिलं "रिपेअर कॅफे" भरलं : गावातली जाणकार मंडळी एका जागी बसतात, लोक बिघडलेल्या वस्तू आणतात आणि दोघं मिळून त्या दुरुस्त करतात. आपल्याकडे त्यासाठी नवी जागा शोधायचीही गरज नाही. गावोगावी सार्वजनिक वाचनालयं आहेत, शाळांचे संगणक-कक्ष सुट्टीच्या दिवशी कुलूपबंद असतात.

म्हणून प्रत्येकाकडे एकेक मागणं. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनो, महिन्यातला एक रविवार द्या. एनएसएसच्या तासांत वृक्षारोपण होतं, तसं हेही बसवा. ज्याला बायोस उघडता येतं त्याने शेजारच्या काकूंचा लॅपटॉप हाती घ्यावा. वाचनालयाच्या विश्वस्तांनो, दोन टेबलं, चार प्लग-पॉइंट आणि वायफाय द्या. शाळांनो, निकाली काढायच्या यादीतले संगणक लिलावात फुंकण्याआधी त्यातल्या एकावर लिनक्स टाकून पाहा. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांनो, भाडेकरार संपलेले लॅपटॉप वजनावर विकू नका. डिस्क पुसा आणि यंत्रं शाळांना द्या. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ मध्ये पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांबरोबर नूतनीकरण करणाऱ्यांचीही नोंदणी आहे, त्यांना काम द्या. दुरुस्तीवाल्या दादांनो, "नवीन घ्या" म्हणण्याआधी "एसएसडी टाकून बघू का?" एवढं विचारा. तुमचा धंदा बुडणार नाही, गिऱ्हाईक पुन्हा येईल. मराठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनो आणि सरकारी संकेतस्थळं चालवणाऱ्यांनो, तुमचं काम एकाच कंपनीच्या सिस्टिमला बांधून ठेवू नका. त्या दाव्याने आमची यंत्रंही बांधली जातात.

आणि वाचकहो, तुमच्यापुरतं एवढंच करा. कपाटात पडलेला लॅपटॉप आज चार्जिंगला लावा. त्याचा प्रोसेसर, रॅम आणि डिस्क कागदावर लिहा. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि येत्या रविवारी ओळखीच्या एका पोराला किंवा पोरीला घरी बोलवा. तो लॅपटॉप उभा राहिला की दुसऱ्या कोणाचा तरी उभा करून द्या. घरात आधीच दुसरा असेल, तर हा अशा मुलाच्या हाती द्या जे आजवर दहावीचा अभ्यास आईच्या मोबाइलवर करत आलं आहे.