कागदावरची दुसरी सही

शाळेने विद्यार्थ्याच्या हाती दिलेला टॅब किंवा लॅपटॉप शाळेच्या मालकीचा असतो, वापर मात्र मुलाचा असतो, आणि मालकी व वापर यांच्यामधल्या या अंतरातच ‘जबाबदार वापर’ या शब्दप्रयोगाचा सारा गुंता साठलेला आहे. उपकरण देताना विद्यार्थी आणि पालक यांच्याकडून छापील हमीपत्रावर सही घेण्याची पद्धत आता अनेक शाळांत रुळली आहे. उपकरण फोडणार नाही, हरवणार नाही, त्यावर खेळ खेळणार नाही, अनुचित काही पाहणार नाही, नुकसान झाल्यास भरपाई देईन, असा त्या हमीपत्राचा सर्वसाधारण मजकूर असतो. उपकरण देणाऱ्या शाळेने काय करायचे आणि काय टाळायचे, याविषयी मात्र त्यावर सहसा एक ओळही सापडत नाही. व्यवहार दोघांचा आणि सही एकाचीच, अशा कागदातून मूल एवढेच शिकते की जबाबदारी म्हणजे पकडले न जाण्याची काळजी. म्हणून त्या कागदावर दुसरी सही, शाळेची सही, का हवी आणि तिच्या वर कोणता मजकूर असायला हवा, याचा विचार शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी नव्या सत्राच्या आधी करायला हवा.

या विषयाला महाराष्ट्रात दोन दशकांचा पूर्वेतिहास आहे. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या एका खेड्यातील लहानशा शाळेत झाला. लॅपटॉप शाळेच्या कपाटाचा नसून मुलाचा आहे आणि तो मुलाबरोबर घरी गेला पाहिजे, हे त्या प्रकल्पाचे पहिले तत्त्व होते. पुढे २०१५ मध्ये मुंबई महानगरपालिकेने आठवीच्या विद्यार्थ्यांना पाठ्यक्रम भरलेले टॅब दिले, तेव्हा दप्तराचे ओझे कमी करणे हा उद्देश सांगितला गेला. आणि अलीकडे ‘महाज्योती’ ही शासकीय संस्था प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅबसोबत इंटरनेट डेटाही पुरवते. मुलाची वस्तू, दप्तराचा पर्याय आणि परीक्षेचे साधन या तीन निराळ्या कल्पना आहेत आणि प्रत्येकीतून जबाबदारीचा निराळा अर्थ निघतो. शाळांमधले हमीपत्र मात्र तिन्ही ठिकाणी जवळजवळ सारखेच असते.

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत उपकरण आले की त्याची पहिली नोंद जडवस्तूंच्या नोंदवहीत, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होते, आणि त्या नोंदीबरोबरच त्याच्याविषयीची भीतीही सुरू होते. बदली झाल्यावर चार्ज देताना टॅब मोजून द्यावे लागतात. एखादा फुटला किंवा बंद पडला, तर निर्लेखनाचा, म्हणजे निकामी वस्तू नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा प्रस्ताव पाठवून वाट पाहावी लागते, आणि तोवर वसुलीची टांगती तलवार मुख्याध्यापकाच्या डोक्यावर राहते. या परिस्थितीत टॅब कपाटात बंद ठेवणे हा कोणालाही सुचणारा मार्ग आहे आणि त्याबद्दल शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल. तरीही हे स्पष्ट म्हणायला हवे की कपाटातला टॅब सुरक्षितही राहत नाही. त्यातील लिथियम-आयन बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत उन्हाळ्याच्या सुटीभर पडून राहिली, तर ती पुन्हा चार्ज न होण्याच्या स्थितीला पोहोचू शकते; पूर्ण भरून उष्ण खोलीत ठेवली तरी तिची क्षमता घटते, आणि फुगलेली बॅटरी तर धोक्याचीच असते. ज्या उपकरणावर मुलाचा हात पडला नाही त्याच्या जबाबदार वापराचे धडे देता येत नाहीत, हा या साऱ्यातील अधिक मोठा तोटा.

मराठी शाळांमधले वास्तव असे की एका मुलाला एक उपकरण क्वचितच मिळते. बहुधा एकच टॅब दिवसातून चार-पाच मुलांच्या हातून जातो, आणि जबाबदारीचे खरे प्रश्न या देवाणघेवाणीतच उभे राहतात. पाठीवर सात क्रमांकाची पट्टी चिकटवलेला एखादा टॅब डोळ्यांसमोर आणावा. सकाळी सहावीतल्या मुलीने त्यावर प्रकल्पासाठी आपल्या गटाची छायाचित्रे काढली, आपल्या खात्यातून ती पाठवली आणि घंटा झाली म्हणून टॅब तसाच ठेवून ती उठली. दुपारी तोच टॅब आठवीतल्या मुलाच्या हाती आला, तेव्हा त्या मुलीचे खाते उघडेच होते, गॅलरीत तिचे आणि तिच्या मैत्रिणींचे फोटो होते, ब्राउझरने पासवर्ड लक्षात ठेवला होता आणि तिने काय काय शोधले याची यादीही एका स्पर्शाच्या अंतरावर होती. या मुलाने काहीच केले नाही तरी त्या मुलीचे खासगीपण उघड्यावर पडलेच. आणि त्याने गंमत म्हणून एखादा फोटो पुढे पाठवला, तर दोष त्याचा खरा, पण दार उघडे ठेवणारी व्यवस्था शाळेची. वापर संपल्यावर खात्यातून बाहेर पडणे, म्हणजे लॉगआउट करणे, फोटो ठरलेल्या ठिकाणी हलवून टॅबवरून पुसणे आणि पासवर्ड साठवण्याची सोय मुळातच बंद ठेवणे, एवढ्या तीन गोष्टींसाठी तासाची शेवटची पाच मिनिटे राखून ठेवणे हा कोणत्याही हमीपत्रापेक्षा परिणामकारक उपाय आहे. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुऊन ठेवल्याशिवाय तास संपत नाही, हे विज्ञानशिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. तीच शिस्त येथे आणायची आहे. कोणता टॅब कोणत्या तासाला कोणाकडे होता याची साधी वही मुलांनीच भरावी, कारण आपल्यानंतर हे उपकरण दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाणार आहे, ही जाणीव त्या वहीतल्या एका ओळीने जितकी रुजते तितकी सूचनाफलकाने रुजत नाही.

शाळेने मुलावर लक्ष ठेवावे की नाही आणि ठेवावे तर किती, हा यापुढचा आणि अधिक नाजूक प्रश्न आहे. दूरस्थ उपकरण-व्यवस्थापन, म्हणजे एका ठिकाणी बसून सर्व टॅबवरील अ‍ॅप्स, संकेतस्थळे आणि सेटिंग यांवर नियंत्रण ठेवणारी संगणकप्रणाली, आता लहान शाळांच्याही आवाक्यात येत आहे. तिचा उपयोग आहेच. पण तिचा अतिरेक कुठवर जातो हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लोअर मेरियन या शालेय जिल्ह्याने दाखवून दिले. चोरीला गेलेले लॅपटॉप शोधता यावेत म्हणून बसवलेल्या प्रणालीने विद्यार्थ्यांच्या घरातील छायाचित्रे त्यांच्या नकळत वेबकॅमेऱ्यातून टिपली. पालकांनी २०१० मध्ये न्यायालयात धाव घेतली आणि त्याच वर्षी ६,१०,००० डॉलर देऊन त्या शालेय जिल्ह्याला तडजोड करावी लागली. त्या विद्यार्थ्यांनी वापराचे नियम मान्य केलेले होते. कॅमेरा असा दुरून सुरू होऊ शकतो, हे मात्र त्यांना किंवा त्यांच्या पालकांना कोणी सांगितले नव्हते.

भारतातही हा विषय आता केवळ सद्‌भावनेवर सोडलेला नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ याच्या नवव्या कलमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची वैयक्तिक माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक आहे आणि मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे यांना मज्जाव आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमांत शिक्षणसंस्थांना पाळतीच्या या मनाईतून सवलत मिळाली आहे, पण ती शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरतीच. या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत असताना शाळांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी की माहिती केवळ शाळेकडेच साठत नाही, ती अ‍ॅप बनवणाऱ्याकडेही जाते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांतील सरकारांनी शिफारस केलेली १६० हून अधिक शैक्षणिक उत्पादने तपासली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य उत्पादने मुलांच्या हक्कांना धोका पोहोचेल अशा रीतीने माहिती गोळा करत असल्याचे आढळले. एखादे विनामूल्य अ‍ॅप चांगले वाटले म्हणून वर्गातल्या चाळीस मुलांची नावे, जन्मतारखा आणि पालकांचे मोबाइल क्रमांक त्यात भरून टाकणे, ही उत्साही शिक्षकाच्या हातून सहज घडणारी चूक आहे आणि तिची किंमत शिक्षकाला नव्हे, मुलांना मोजावी लागते.

केवळ कुलुपावर विसंबण्यातही अर्थ नाही. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये मोठा खर्च करून आयपॅड वाटले, तेव्हा काही आठवड्यांतच विद्यार्थ्यांनी त्यांवरील नियंत्रणाची प्रोफाइल काढून टाकून हवी ती संकेतस्थळे उघडली आणि शाळांना उपकरणे परत गोळा करावी लागली. गाळणी, म्हणजे ठरावीक संकेतस्थळे अडवणारी यंत्रणा, लहान मुलांसाठी आवश्यक आहे, यात वाद नाही. पण नववी-दहावीतल्या मुलाला ती कशासाठी आहे हे पटवून दिलेले नसेल, तर ती त्याला कोडे वाटते आणि कोडे सोडवण्याकडे त्याची बुद्धी धावते.

टॅब घरी गेला की तो एकट्या विद्यार्थ्याचा राहत नाही. धाकटा भाऊ त्यावर कार्टून पाहतो, वडील सातबारा काढतात, आई नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलवर बोलते. हमीपत्रात ‘अन्य कोणीही वापरू नये’ असे लिहिल्याने यातले काही थांबत नाही, उलट मुलाला पहिल्याच आठवड्यात नियम मोडणारा ठरवले जाते, आणि जो नियम पाळणे शक्यच नाही तो मुलाला एकूणच नियमांविषयी बेफिकीर करतो. त्यापेक्षा घरातल्या वापराची मोजकी मोकळीक मान्य करून बँकेचे व्यवहार आणि ओटीपी या टॅबवर नकोत, नवे अ‍ॅप शाळेला विचारल्याशिवाय नको, असे थोडके आणि पाळता येण्याजोगे नियम पालकसभेत चर्चेतून ठरवावेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजताच दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा प्रघात पाडला. या प्रघाताचे बळ भोंग्यात नव्हते, मोठ्यांनीही तो स्वतःला लागू करून घेतला यात होते. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्येने असतात, तेव्हा असा ठराव मांडण्यासाठी शिक्षकाला दुसरे व्यासपीठ शोधण्याची गरज नाही. हमीपत्राची भाषाही याच सभेत सोपी करून घ्यावी. मेळघाटात कोरकू किंवा डहाणूकडे वारली बोलणाऱ्या घरात कार्यालयी मराठीतल्या कागदावर उमटवलेल्या अंगठ्याला संमती म्हणता येत नाही.

दुसऱ्या सहीच्या मजकुरातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मात्र अघटिताविषयीचे असले पाहिजे. टॅबवर एखादे अश्लील चित्र समोर आले, अनोळखी माणसाने संदेश पाठवला, वर्गातल्याच कोणी धमकावले, तर मुलाने ते त्याच दिवशी शिक्षकाला सांगावे आणि सांगितल्याबद्दल त्याचा टॅब काढून घेतला जाणार नाही, असे शाळेने लिहून द्यायला हवे. उपकरण हिरावले जाण्याच्या भीतीने मुले गप्प राहतात, आणि त्या गप्प बसण्याचाच फायदा त्यांना छळणारा घेत असतो. लैंगिक स्वरूपाचा त्रास असल्यास बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण आपसात मिटवण्याची मुभा मुख्याध्यापकाला नाही. मुलांसाठीचा १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हे दोन क्रमांक टॅबच्या पाठीवरच, क्रमांकाच्या पट्टीखाली चिकटवता येतात.

एप्रिलअखेर टॅब परत घेण्याचा दिवस हा या साऱ्याची परीक्षा पाहणारा असतो. त्या दिवशी काचेवरचे ओरखडे तपासण्याआधी प्रत्येक मुलाला आपला टॅब उघडू द्यावा, आपले काम आणि फोटो काढून घेऊ द्यावेत, खाते पुसू द्यावे आणि मागे काही उरले नाही याची खात्री त्याची त्यालाच करू द्यावी. मग वहीत मुलाने टॅब परत केल्याची आणि शिक्षकाने त्यावर मुलाची कोणतीही माहिती ठेवली नसल्याची, अशा दोन सह्या एकाच ओळीत व्हाव्यात. त्यानंतर बॅटरी निम्म्यापर्यंत भरून टॅब सावलीच्या खोलीतल्या कपाटात ठेवावेत, आणि कपाटाची एक किल्ली सुटीतही गावात राहणाऱ्या व्यवस्थापन समितीच्या सदस्याकडे द्यावी, म्हणजे मे महिन्यात एकदा ते उघडून चार्जिंग पाहता येईल.