मतपालट आणि शील

जुनी व्यवस्था राखूं म्हणणाऱ्या पुढाऱ्याची परीक्षा कशानें करावी, हा प्रश्न आम्हां सुधारकांनींहि टाळतां कामा नये. नवें कांहीं करूं पाहणारा पुढारी चुकला तर त्याच्या उत्साहाकडे पाहून लोक त्यास क्षमा करितात. परंतु जो केवळ रक्षणाच्या वचनावर मतें मागतो, त्याच्यापाशीं विश्वासाखेरीज दुसरें भांडवल नसतें. म्हणून अशा पुढाऱ्याचें मत फिरलें म्हणजे त्यास शीलभ्रष्ट म्हणावें कीं विवेकी म्हणावें, असा पेंच पडतो. आमच्या व्यापारी वाचकांस ठाऊकच आहे कीं, हुंडी स्वीकारल्यावर बाजार फिरला या सबबीवर कोणी ती नाकारूं लागला, तर त्याची पत एका दिवसांत जाते. मग राजकारणांत दिलेल्या शब्दास निराळा न्याय कां असावा? या प्रश्नाचा खल करण्यास इंग्लंडच्या हुजूर पक्षाचा पुढारी सर रॉबर्ट पील याच्या चरित्राइतकें बोधप्रद उदाहरण आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

पीलचा जन्म १७८८ सालीं लँकेशायरांतील एका श्रीमंत गिरणीवाल्याच्या घरीं झाला. कॅथलिकांस पार्लमेंटांत बसण्याचा हक्क देऊं नये, या मताचा तो मोठा कैवारी होता. आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या धर्माभिमानी मतदारांनीं त्यास आपला प्रतिनिधि केला, त्यांत या मताचा वांटा मोठा होता. पुढें १८२८ मध्यें डॅनियल ओकॉनेल हा कॅथलिक पुढारी आयर्लंडच्या क्लेअर परगण्यांतून निवडून आला. कायद्यानें त्यास सभेंत बसतां येईना, आणि त्यास बाहेर ठेवावें तर आयर्लंडांत यादवी माजण्याचें भय. पील त्या वेळीं गृहमंत्री होता. हक्क नाकारण्यापेक्षां देणें हेंच राज्याच्या हिताचें, असें त्याच्या मनानें घेतलें. परंतु १८२९ मध्यें तें बिल सभेपुढें आणण्यापूर्वीं त्यानें ऑक्सफर्डच्या जागेचा राजीनामा दिला आणि तो पुन्हां त्याच मतदारांपुढें उभा राहिला. मतदारांनीं त्यास पाडून सर रॉबर्ट इंग्लिस यास निवडलें. तेव्हां वेस्टबरी या एका धनिकाच्या मुठींतील लहानशा मतदारसंघांतून पीलला सभेंत यावें लागलें. हें दुसरें दार कांहीं गौरवाचें नव्हतें. तथापि ज्यांचा शब्द मोडावयाचा, त्यांची ठेव त्यानें आधीं त्यांच्या हवालीं केली, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

१८४१ मध्यें पील बहुमताच्या बळावर मुख्य प्रधान झाला. हें बहुमत मुख्यतः जमीनदारांचें, आणि त्यांतील पुष्कळ सभासद धान्यकायदे राखण्याच्या भरंवशावर निवडून आलेले. १८१५ च्या कायद्यानें गव्हाचा भाव क्वार्टर या तेथील मापास ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू देशांत विकण्यास बंदी केली होती; १८२८ पासून बंदीच्या जागीं भावाप्रमाणें चढउतार होणारी जकात आली. यांतील मोठा लाभ खंड घेणाऱ्या जमीनदाराचा, आणि भुर्दंड भाकर विकत घेणाऱ्या मजुराचा. पीलनें १८४२ मध्यें ही जकात खालीं आणली, दुसऱ्या शेंकडों जिनसांवरील जकाती कमी केल्या, आणि खजिन्यांतील तूट भरून काढण्यासाठीं वर्षास १५० पौंडांहून अधिक प्राप्ति असणाऱ्यांवर पौंडामागें ७ पेन्सांचा कर बसविला. म्हणजे त्याचें मत एका रात्रींत फिरलें नाहीं; हिशेब तपासतां तपासतां तें हळूहळू वळत गेलें होतें.

१८४५ च्या सप्टेंबरपासून आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला. जेथें गरिबाचें अन्न म्हणजे बटाटाच, तेथें याचा अर्थ काय, हें सांगावयास नको. पीलनें अमेरिकेहून एक लाख पौंडांचा मका गुप्तपणें खरेदी करविला, आणि धान्यावरील जकात आतां उठविली पाहिजे असें आपल्या मंत्रिमंडळास सांगितलें. मंत्र्यांचें एकमत होईना, तेव्हां डिसेंबरांत त्यानें राजीनामा दिला. विरोधी पक्षाचा पुढारी लॉर्ड जॉन रसेल यास मंत्रिमंडळ बनवितां आलें नाहीं, म्हणून पील पुन्हां अधिकारावर आला. आणि १८४६ च्या जानेवारींत, तीन वर्षांत ही जकात जवळजवळ नाहींशी करण्याची योजना त्यानें मांडली. १५ मे रोजीं कॉमन्स सभेंत बिलाच्या बाजूनें ३२७ व विरुद्ध २२९ मतें पडलीं. त्याच्या स्वतःच्या पक्षांतील सुमारें दोनतृतीयांश सभासद त्याच्या विरुद्ध गेले. बिल तरलें तें विरोधकांच्या मतांवर. २५ जून रोजीं लॉर्डांच्या सभेनें तें मान्य केलें; आणि त्याच रात्रीं आयर्लंडसंबंधींच्या दुसऱ्या एका बिलावर चिडलेल्या स्वपक्षीयांनीं विरोधकांशीं हातमिळवणी करून ७३ मतांनीं त्याचा पराभव केला. चार दिवसांनीं त्यानें अधिकार सोडला, आणि जातांना धान्यकायदे उठविल्याचें श्रेय त्यानें रिचर्ड कॉब्डेन या आपल्या जुन्या प्रतिपक्ष्यास दिलें.

आम्ही पीलला साधुपुरुष ठरवूं पाहत नाहीं. ज्या बिलावर त्याचें मंत्रिमंडळ पडलें तें आयर्लंडांत दडपशाही चालविण्याचें होतें. त्याच्याच कारकीर्दींत, १८४३ मध्यें, सिंध प्रांत इंग्रजांनीं गिळला. धान्यकायदे गेले म्हणून आयर्लंड वांचलें असेंहि नाहीं. पुढील वर्षांत तेथें सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें व रोगानें मेलीं. हिंदी मनुष्यानें या गोष्टी विसरून इंग्रज मुत्सद्द्याची आरती ओंवाळावी, असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं. प्रश्न एवढाच आहे कीं, ज्या मतावर तो सत्तेवर आला तें मत सोडतांना त्यानें काय मिळविलें आणि काय गमावलें. मिळविलें म्हणावें असें कांहीं नाहीं. तो स्वतः जमीनदार होता, म्हणजे कायदा गेल्यानें होणारी झीज त्याच्याहि वर्गाची. त्यानें सरदारकी घेतली नाहीं. १८४६ नंतर तो पुन्हां मंत्रिपदावर आला नाहीं, आणि १८५० मध्यें घोड्यावरून पडून त्याचा अंत झाला.

आतां प्रतिपक्षाची बाजू. डिझरायलीनें त्याच्यावर भर सभेंत जे प्रहार केले, त्यांत द्वेष होता, पण सगळाच द्वेष नव्हता. लोकांनीं एका मतासाठीं निवडलेल्या सभेकडून त्याच्या उलट मत करून घ्यावयाचें असेल, तर मतदारांस विचारावयास नको काय? आम्हांस हा आक्षेप खरा वाटतो. १८२९ मध्यें पीलनें ऑक्सफर्डची जागा परत केली. १८४६ मध्यें मात्र त्यानें नवी निवडणूक न घेतां १८४१ च्याच सभेपुढें बिल आणलें. दुष्काळ निवडणुकीसाठीं थांबत नाहीं, आणि त्यानें आधीं राजीनामा देऊन दुसऱ्यास वाट करून दिली होती, हें त्याच्या वतीनें सांगतां येईल. यानें दोष हलका होतो, पण ऋण फिटत नाहीं. त्या ऋणाची फेड पक्षास करावी लागली. पक्ष दुभंगला, ग्लॅडस्टनसारखा माणूस दुसऱ्या बाजूस गेला, आणि १८७४ पर्यंत हुजूर पक्षास कॉमन्स सभेंत स्वतःचें बहुमत मिळालें नाहीं.

परंतु याच गोष्टीचा शेवटचा अंक पाहावा. १८५२ मध्यें डर्बी आणि डिझरायली अधिकारावर आले, आणि ज्या जकातीसाठीं त्यांनीं पीलला विश्वासघातकी म्हटलें, ती परत आणण्याचा विचार त्यांनीं त्याच वर्षीं सोडून दिला. मतपालट दोघांचाहि झाला. पीलनें तो केला तेव्हां खुर्ची गेली. यांनीं केला तो खुर्ची टिकावी म्हणून. शीलाचा निवाडा करावयाचा तो या भेदावरून. मत बदललें एवढ्यावरून कोणासहि दोषी धरूं नये. तें बदलल्यानें पदरांत काय पडलें, तें उघड सांगितलें कीं रात्रीं ठरविलें, आणि ज्यांच्या विश्वासावर जागा मिळाली त्यांस ती परत दिली कीं नाहीं, हें पाहावें.

ही कसोटी परकी आहे असें कोणी म्हणेल, म्हणून एक घरचें उदाहरण देतों. चक्रवर्ति राजगोपालाचारी यांस कोणी क्रांतिकारक म्हणणार नाहीं. पुढें १९५९ मध्यें त्यांनीं स्वतंत्र पक्ष काढला तोहि जपून चालणाऱ्यांचाच. १९४२ मध्यें मुस्लिम लीगच्या मागणीविषयीं त्यांचा काँग्रेसशीं तीव्र मतभेद झाला, तेव्हां त्यांनीं काँग्रेसचें सभासदत्व आणि मद्रास विधिमंडळांतील जागा, दोन्ही सोडलीं. त्यांचें मत बरोबर होतें कीं चूक, हा वाद निराळा. पण पक्षाच्या नांवावर मिळालेली जागा घेऊन ते दुसऱ्या दुकानांत गेले नाहींत.

आपल्या देशांत १९८५ मध्यें ५२ व्या घटनादुरुस्तीनें पक्षांतरास बंदी झाली, आणि २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनें ती अधिक कडक झाली. कायदा हवाच होता. तथापि वकिलीच्या धंद्यांत आयुष्य गेलेल्या माणसास त्याची मर्यादा सांगावी लागत नाहीं. पक्षाचा आदेश सद्‌बुद्धीनें मोडणाऱ्या एकट्या सभासदाची जागा हा कायदा घालवूं शकतो, आणि दोनतृतीयांश जण मिळून विलीन झाले तर त्यांस तो सोडून देतो. माणसें मोजणें कायद्यास जमतें. हेतु तपासणें त्यास जमत नाहीं. तें काम मतदाराचें आहे. तेव्हां आपला प्रतिनिधि मत बदलून दारीं आला, तर आमच्या वाचकांनीं त्याचें म्हणणें शांतपणें ऐकावें, त्यास लगेच गद्दार म्हणूं नये. पण जागा कोठें आहे, हें त्यास पहिल्यानें विचारावें. ती परत करून आला असेल, तर मत पटो वा न पटो, त्यास बसावयास पाट द्यावा. ती खिशांत घालूनच आला असेल, तर पुढच्या निवडणुकीपर्यंत त्याचें नांव लक्षांत ठेवावें.