अ‍ॅमीची बाजू

शांता शेळके यांनी केलेल्या ‘लिटल विमेन’ या कादंबरीच्या ‘चौघीजणी’ या अनुवादामुळे मार्च बहिणी मराठी घरांत कधीच्याच ओळखीच्या झाल्या आहेत. त्यांतली जो सगळ्यांची लाडकी. अ‍ॅमी मात्र बहिणीचं हस्तलिखित जाळणारी, तिने आस धरलेला युरोपप्रवास पटकावणारी आणि शेवटी जोला मागणी घातलेल्या शेजारच्या लॉरीशी लग्न करणारी आगाऊ धाकटी. ग्रेटा गर्विग यांच्या २०१९ च्या ‘लिटल विमेन’ चित्रपटाने अ‍ॅमीला न्याय दिला. भावंडांतल्या चढाओढीचं खापर आपण नेहमी स्वभावावर फोडतो; या चित्रपटात ती टंचाईतून उगवताना दिसते.

काळ अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा. वडील आघाडीवर, घरात पैशाची ओढाताण, श्रीमंत आत्या एकच आणि ती युरोपला नेणार तेही एकीलाच. जोला लेखिका व्हायचंय, अ‍ॅमीला चित्रकार, आणि बाईला स्वतःच्या बळावर पैसा मिळवायला वाव जवळजवळ नाही. पॅरिसमध्ये अ‍ॅमी लॉरीला हेच सुनावते: बाईने कमावलं तरी लग्नानंतर पैसा नवऱ्याचा, मुलंही त्याचीच; तेव्हा लग्न हा व्यवहार नाही असं मला सांगू नकोस. याच कादंबरीवरच्या १९९४ च्या चित्रपटात लहान आणि मोठ्या अ‍ॅमीसाठी दोन अभिनेत्री होत्या. इथे दोन्ही वयांत फ्लोरेन्स प्यूच आहे. त्यामुळे शेकोटीत कागद टाकणारी हट्टी मुलगी आणि आपल्या चित्रकलेची कुवत निर्दयपणे मोजणारी तरुणी एकच आहे, हे डोळ्यांआड होत नाही. जन्मभर सगळ्यात जोच्या मागे राहिले, आता तिच्याऐवजी म्हणून मला नको, असं ती लॉरीला बजावते तेव्हा त्या आगीमागचं दुखणं कळतं.

यावर रास्त आक्षेप असा की, हे सगळं खरं मानलं तरी जोच्या बाबतीत अन्यायच होतो. तिचं लेखन राख होतं आणि ‘बहीणच ना, सोडून दे’ हा आपल्याही घरांत सर्रास चालणारा दबाव तिच्यावर येतो. दबाव येतो खराच. अ‍ॅमी बर्फातून पाण्यात पडते, तेव्हा जोला स्वतःच्या रागाचीच धास्ती वाटते आणि समेट होतो. पण जोचा राग खोटा होता असं चित्रपट कुठेच म्हणत नाही. त्याच रात्री आई सांगते की तीही जवळजवळ रोज रागावलेली असते. राग असूनही नातं टिकतं, एवढंच तिला सांगायचंय. जळलेले कागद काही परत मिळत नाहीत.

मला अधिक मोलाचा वाटतो तो शेवटाकडचा प्रसंग. घरातल्या सुखदुःखांची गोष्ट कोण वाचणार, म्हणून जो कचरत असते. अशा गोष्टी लिहिल्या जात नाहीत म्हणूनच त्या क्षुल्लक वाटतात, हे तिला सांगते अ‍ॅमी. जिने लेखन जाळलं तीच. कुणाला ही दिग्दर्शिकेने केलेली सोयीची जुळवाजुळव वाटेल, पण मूळ लेखिकेच्या घरातही अशी साथ होती. लुइझा मे अल्कॉट यांची धाकटी बहीण मे हिच्यावरूनच अ‍ॅमी बेतलेली. १८६८ मध्ये ‘लिटल विमेन’चा पहिला भाग निघाला, तेव्हा त्यातली चित्रं मेने काढली होती. पुढे तिच्या युरोपातल्या चित्रकलेच्या शिक्षणाला लुइझाच्या लेखनाचा पैसा उपयोगी पडला आणि १८७७ मध्ये पॅरिसच्या सलों या चित्रप्रदर्शनात तिचं चित्र लागलं. १८७९ मध्ये बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच मे गेली. तिच्या मुलीला, लुलूला, लुइझाने सांभाळलं.