अंतर भागिले वेग

दिल्ली-टोकियो अंतर साधारण ५,८५० किमी. भागिले ९००, म्हणजे साडेसहा तास. जाताना तेवढेच, येताना तेवढेच! नेटवरची बरीच कॅल्क्युलेटरं हेच छातीठोकपणे सांगतात आणि आमचे साहेब ते खरं मानतात.

अहो, प्रत्यक्षात जाताना साडेसातच्या आसपास लागतात आणि येताना साडेनऊ. जेट स्ट्रीम पश्चिमेकडून जपानकडे वाहते, हिवाळ्यात तर भलतीच जोरात. जाताना ढकलते, येताना आडवी येते. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी माणसाने १९२० च्या दशकातच फुगे सोडून हे वारे मोजले होते. बिचाऱ्याने १९२६ चा अहवाल लिहिला एस्पेरांतोत, वाचणार कोण? त्या काळच्या लोकांना निदान ती सबब तरी होती. 'अ ते ब' आणि 'ब ते अ' एकाच फंक्शनने काढणाऱ्या आपल्या भाईबंदांना कुठली? कोड रिव्ह्यू केला कोणी?

मी टोकियोहून परतलो तेव्हा साहेबांनी चारचा क्लायंट कॉल लावला होता, "अडीचला उतरतोसच की" म्हणून. चारला मी बंगालच्या आकाशात. अप्रेझलमध्ये शेरा मात्र माझ्या नावावर: 'वेळेचं नियोजन कच्चं'.